जुनाट दुखण्याचा रुग्ण पुनर्वसनासाठी पाठवताना: सोलापूर जिल्ह्यातल्या नव्या डॉक्टरांसाठी

प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा स्वतःच्या दवाखान्यात नव्याने बसणाऱ्या डॉक्टरला हा रुग्ण पहिल्या महिन्यातच भेटतो. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तीत एमआरआयची फिल्म, चार ठिकाणच्या चिठ्ठ्या आणि अर्ध्या संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. कंबर किंवा मान २ वर्षं, ५ वर्षं दुखतेय. प्रत्येक नव्या औषधाने आठ दिवस बरं वाटतं आणि मग पहिले पाढे पंचावन्न.

३ महिन्यांहून जास्त टिकलेलं किंवा पुन्हापुन्हा उलटणारं दुखणं म्हणजे जुनाट दुखणं. अशा रुग्णाचं काम, झोप आणि उमेद ढासळू लागली असेल, तर एकेक गोळी वाढवत नेण्यापेक्षा त्याला वेदना पुनर्वसन कार्यक्रमाकडे पाठवणं जास्त उपयोगाचं ठरतं. मात्र पाठवणं म्हणजे नुसती चिठ्ठी फाडून देणं नव्हे. रुग्ण तिथे टिकणार की दोन खेपांत परत येणार, हे बरंचसं तो तुमच्या खोलीतून बाहेर पडण्याआधीच ठरलेलं असतं. म्हणून या लेखाचा भर चिठ्ठीच्या आधीच्या तयारीवर आहे.

आधी हे समजून घ्या: कार्यक्रमात होतं काय?

'पेन क्लिनिक' अशी पाटी असलेल्या प्रत्येक ठिकाणी पुनर्वसन होत नाही. काही ठिकाणी मुख्यतः मणक्यातली किंवा नसांभोवतीची इंजेक्शनं दिली जातात. योग्य रुग्णाला त्यांचा उपयोग होतो, पण तो वेगळा उपचार आहे. पुनर्वसन कार्यक्रमात डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक हे तिघे तरी एकाच योजनेवर काम करतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा जमवायला शिकवणारा) असला तर फारच चांगलं. रुग्ण बहुधा लहान गटात असतात. स्वरूप ठिकाणाप्रमाणे बदलतं: कुठे आठवड्यातून २ दिवस असं ६ ते ८ आठवडे, कुठे भरती करून ३-४ आठवडे रोज.

तिथे पायरीपायरीने वाढवलेला व्यायाम असतो, कामाची वाटणी शिकवतात, झोपेची घडी बसवतात, दुखण्याची भीती कमी करण्यावर काम होतं आणि अनावश्यक औषधं हळूहळू उतरवली जातात. दुखणं शून्यावर आणणं हे या कार्यक्रमाचं ध्येय नाही. दुखणं असतानाही माणूस पुन्हा कामाला, घरात आणि चारचौघांत उभा राहावा, हे ध्येय आहे. अनेकांचं दुखणं वाटेत कमीही होतं, पण तसं आश्वासन देऊन रुग्ण पाठवू नका.

पायरी १: धोक्याच्या खुणा

पुनर्वसनाचा विचार करण्याआधी या खुणा स्वतः तपासायच्या. आधीच्या डॉक्टरने तपासल्या असतील असं धरून चालायचं नाही.

लघवी तुंबणं किंवा न कळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, बसण्याच्या जागी बधिरपणा, दोन्ही पायांतली ताकद वाढत्या प्रमाणात जाणं: यातलं काहीही असलं तर रुग्ण त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात, मणक्याची शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा मोठ्या रुग्णालयात गेला पाहिजे. गरज पडली तर १०८ बोलवा. असे रुग्ण "पाय जड झालेत" एवढंच सांगतात. लघवीबद्दल विचारल्याशिवाय बोलत नाहीत, बायका तर नाहीच. तेव्हा विचारायचंच.

संध्याकाळी ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं आणि पाठीत एकाच मणक्यावर बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं असेल, तर मणक्याचा क्षयरोग मनात आणा. सुरुवातीला एक्स-रे साधा दिसू शकतो, त्यावर विसंबू नका. ईएसआर, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) आणि एमआरआय लागतोच. आधी कर्करोग झालेला असेल आणि आता नवं हाडाचं दुखणं असेल, किंवा झोपूनही न थांबणारं रात्रीचं दुखणं असेल, तर पुनर्वसनाची चिठ्ठी बाजूला ठेवा. कर्करोगाच्या वेदनेची वाट वेगळी असते; आपल्या जिल्ह्यात बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे.

आणखी तीन गोष्टी सहज निसटतात. पहिली, ४५ च्या आतल्या तरुणाला सकाळी अर्ध्या तासाहून जास्त कंबर आखडलेली असते आणि हालचालीने मोकळी होते. हा दाहक संधिवात असू शकतो, त्याला त्या विषयाचा तज्ज्ञ हवा. दुसरी, उकिडवं बसल्यावर उठता न येणारी, डुलत चालणारी, हाडं चेपली की कळवळणारी बाई. तिचं ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फेटेज तपासा. औषधाने बरं होणारं दुखणं पुनर्वसनाच्या रांगेत उभं करू नये. तिसरी, मधुमेहात किंवा बी-१२ च्या कमतरतेत होणारी तळपायाची आग.

बाकी हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, क्रिएटिनिन एवढं पुरेसं असतं. पाठवायचं म्हणून नवा एमआरआय काढायला लावू नका.

एमआरआयच्या भाषेबद्दल थोडं

"मणक्यात गॅप आलाय", "गादी सरकलीय", "नस दबलीय" ही वाक्यं रुग्णाच्या मनात वर्षानुवर्षं घर करून बसतात. खाली वाकलं तर गादी बाहेर येईल या भीतीने माणूस घागर उचलत नाही, मग मूल उचलत नाही, मग चालणंही टाळतो. स्नायू सैल पडतात आणि दुखणं वाढतं.

खरी गोष्ट अशी की काहीही दुखत नसलेल्या माणसांचे एमआरआय काढले, तर विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांत गादी फुगलेली दिसते आणि ऐंशीतल्या सुमारे ८४ टक्के लोकांत. फिल्मवर दिसतं ते सगळंच दुखत नसतं. रिपोर्ट रुग्णासमोर वाचताना "वयाप्रमाणे केस पांढरे होतात तसे हे बदल" असं म्हणा. मात्र तपासणीत नस खरोखर दबल्याची चिन्हं असतील, म्हणजे पायाचा अंगठा वर उचलता येत नाही किंवा ठरावीक पट्ट्यात बधिरता आहे, तर हे वाक्य वापरू नका. तो रुग्ण आधी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा न्यूरोसर्जनकडे जाऊ द्या.

पायरी २: पिशवी टेबलावर रिकामी करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि सगळ्यात जास्त घोटाळे इथेच सापडतात. "कोणत्या गोळ्या चालू आहेत?" असं विचारू नका. पुढच्या खेपेला घरातल्या सगळ्या पट्ट्या, बाटल्या, पुड्या, चूर्णं, तेलं घेऊन या म्हणून सांगा आणि टेबलावर एका रांगेत मांडा.

मांडल्यावर काय दिसतं? एका पट्टीवर असिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल, दुसऱ्या कंपनीच्या पट्टीवर तेच दोन्ही, तिसऱ्यात डायक्लोफेनॅक. रुग्ण तिन्ही घेतोय, कारण तीन डॉक्टरांनी दिल्यात आणि नावं वेगळी आहेत. सोबत रक्तदाबाची गोळी. क्रिएटिनिन तपासलेलं नाही. किडनीवरचा हा भार आजच थांबवा, कार्यक्रम सुरू व्हायची वाट बघू नका. वजन ५० किलोच्या आत असेल तर पॅरासिटामॉलचा दिवसाचा हिशेब वजनाप्रमाणे करा. ४ ग्रॅमची कमाल मर्यादा धडधाकट प्रौढासाठी आहे.

मग येतात बिनलेबलच्या पुड्या आणि "लाल-पिवळी गोळी". पुडीने दोन तासांत अंग मोकळं होत असेल, भूक वाढली असेल, चेहरा गोल झाला असेल, कातडी पातळ होऊन जरा धक्का लागला तरी निळं पडत असेल, तर त्यात स्टिरॉइड आहे असं समजून चाला. डेक्सामेथासोन ०.७५ मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅमच्या बरोबरीचं. ३ आठवड्यांहून जास्त दिवस असा डोस गेला असेल तर शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनणं मंदावलेलं असू शकतं. अशा वेळी रागाच्या भरात "आजपासून बंद" म्हणालात तर रुग्ण उलट्या, घसरलेला रक्तदाब आणि गळून गेलेलं अंग घेऊन परत येईल. फिजिशियनला विचारून टप्प्याटप्प्याने उतरवा आणि चिठ्ठीत ठळक लिहा.

ट्रामाडोल, प्रेगाबालिन, गॅबापेंटिन, झोपेच्या गोळ्या: कोणती, किती मिलिग्रॅम, किती महिने, हे पट्टीवरून उतरवून घ्या. यातलं काहीही एकदम तोडायचं नाही. ट्रामाडोल २०१८ पासून अमली पदार्थविषयक कायद्याखाली आहे, तेव्हा आधीच्या चिठ्ठीची झेरॉक्स ठेवा. ट्रामाडोलसोबत नैराश्याचं औषध चालू असेल तर झटके आणि सेरोटोनिन वाढण्याचा धोका असतो, तेही लिहा. औषधं उतरवायचं काम कार्यक्रमातल्या डॉक्टरवर सोपवणार असाल तर मधल्या काळात चिठ्ठी कोण लिहिणार, हे एकाच नावावर ठरवा. दोघे लिहू लागले की डोस दुप्पट होतो.

पायरी ३: आकडे घ्या

"खूप दुखतं" यावरून पुढे सुधारणा मोजता येत नाही. तीन प्रश्न विचारा, प्रत्येकाला ० ते १०: गेल्या आठवड्यात सरासरी दुखणं किती? दुखण्यामुळे जगण्यातली मजा किती गेली? रोजच्या कामात किती अडथळा आला? तिन्हींची सरासरी काढा. याला पेग मोजणी म्हणतात. पुढे हा आकडा साधारण ३० टक्क्यांनी उतरला तर खरी सुधारणा. शाळेत न गेलेल्या माणसाला ० ते १० अवघड जातं. त्याला दहा बोटं दाखवा किंवा रुपयात आण्यांच्या हिशेबाने विचारा. आजीआजोबांना "बारा आणे दुखतं" चटकन सांगता येतं.

मनाची तपासणी पीएचक्यू-९ ने: ९ प्रश्न, ० ते २७ गुण, १० किंवा जास्त आले तर नैराश्याचा उपचार सोबतच सुरू व्हायला हवा. नववा प्रश्न मरणाच्या विचाराचा आहे. तो गाळू नका आणि पुटपुटू नका. "हो" आलं तर रुग्णाला एकटं घरी सोडायचं नाही. घरच्यांना बोलवा, फवारणीचं औषध घरात कुठे असतं ते विचारून कुलपात ठेवायला किंवा शेजाऱ्याकडे द्यायला लावा, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे त्याच दिवशी पाठवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तो चिठ्ठीच्या मागे लिहून द्या.

तिसरा आकडा कामाचा, आणि सोलापुरात तो फार नेमका मिळतो. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांवर असते. "आधी दिवसाला हजार व्हायच्या, आता चारशेवर हात थांबतो" यापेक्षा चांगलं मोजमाप कोणत्या प्रश्नावलीत नाही. माग चालवणाऱ्याला विचारा: सलग किती तास उभं राहता येतं, पाळी पूर्ण होते का? डाळिंबाच्या बागेत काम करणाऱ्याला: पाठीवरचा पंप घेऊन किती ओळी होतात? उसतोड्याला: मोळी डोक्यावर घेता येते का, फडात किती वेळ वाकता येतं? हा आकडा पहिल्या दिवशी लिहिलात तर सहा महिन्यांनी बोलायला काहीतरी राहतं.

भाषेचंही इथेच सांभाळायचं. सोलापूर शहराच्या पूर्व भागातली पद्मशाली बाई तेलुगूत "नोप्पी" म्हणते ते दुखणं, "मंटा" म्हणजे आग, "तिम्मिरी" म्हणजे मुंग्या किंवा बधिरपणा. अक्कलकोटकडच्या कन्नड बोलणाऱ्याचं "नोवू", "उरी" आणि "जोमु" अनुक्रमे तेच. आग आणि मुंग्या हे नसांच्या दुखण्याचे शब्द आहेत. त्यांचं भाषांतर "दुखतंय" असं करून टाकलंत तर निदानच चुकेल. रुग्णाचा शब्द जसाच्या तसा चिठ्ठीत लिहा.

पायरी ४: आता पाठवायचं की थांबायचं?

पाठवावा असा रुग्ण: ३ महिन्यांहून जास्त दुखणं, धोक्याच्या खुणा नाहीत, साधे उपचार नीट करून झालेत, आणि तरीही काम, झोप किंवा घरातलं वावरणं बिघडलंय. वर्षानुवर्षं वाट पाहू नका. कामावरून सुटलेला माणूस जितके महिने घरी बसतो, तितकं परत जाणं अवघड होतं.

शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली असेल, छातीत दुखतंय आणि हृदयाची तपासणी बाकी असेल, दारू एवढी चालू असेल की सकाळीही लागते, किंवा आत्महत्येचा विचार ताजा असेल, तर आधी ते. हा नकार नव्हे, क्रम आहे. रुग्णाला तसंच सांगा आणि परत यायची तारीख द्या. नुकसानभरपाईचा दावा चालू आहे म्हणून मात्र कुणाला अडवू नका.

पायरी ५: रुग्णाशी बोलणं

याला सलग १५ मिनिटं द्या. ओपीडीच्या गर्दीत जमत नसेल तर दुपारी शेवटचा नंबर देऊन बोलवा, आणि घरातल्या एका माणसाला सोबत आणायला सांगा. नवरा किंवा सासू, घरात ज्याच्या शब्दाला वजन आहे ते. घरच्यांनी "उगाच नाटक करते" किंवा "तू काही करू नकोस, पडून राहा" यातलं काहीही म्हटलं तरी कार्यक्रम कोलमडतो.

पहिलं वाक्य: "मावशी, तुमचं दुखणं खरं आहे." हे आधी, बाकी सगळं नंतर. मानसशास्त्रज्ञाचं नाव काढलं की रुग्णाला ऐकू येतं, "डॉक्टर मला वेडी म्हणतायत." ते होऊ नये म्हणून कारण आधी समजावा. मागावर काम केलेल्या घरात ते फार सोपं जातं. आडवा धागा तुटला की मागाचा काटा पडतो आणि माग थांबतो. पण काटाच वाकला असेल तर धागा शाबूत असूनही माग पुन्हापुन्हा थांबतो. तेव्हा धागे बदलत बसून काय उपयोग, काटा सरळ करावा लागतो. "तुमच्या अंगातला काटा असा झालाय. कमरेत आता काही तुटत नाही, पण धोक्याचा इशारा वाजतच राहतो. चिंता, जागरण, एकटेपणा, भीती यांनी तो काटा आणखी वाकतो. म्हणून तिथे व्यायामही असतो आणि बोलणंही." शेतकऱ्याला बोअरच्या स्टार्टरचा दाखला द्या: मोटार ठीक आहे, रिले फार नाजूक लावलाय, म्हणून जरा भार आला की ट्रिप.

मग साफ सांगा: पहिल्या २-३ आठवड्यांत दुखणं थोडं वाढेल. न वापरलेले स्नायू कामाला लागले की दुखतातच. दुखणं वाढलं म्हणजे इजा झाली असं नाही. हे आधी सांगितलेलं नसेल तर तिसऱ्या खेपेनंतर रुग्ण "तिथे जाऊन जास्तच झालं" म्हणत तुमच्याच दारात उभा राहतो.

शेवटी एक ध्येय रुग्णाच्या तोंडून घ्या आणि त्याच्याच शब्दांत लिहा. "दुखणं जावं" हे ध्येय चालणार नाही. ते गेल्यावर काय करणार, ते विचारा. "गड्ड्याच्या यात्रेला नातवाला घेऊन चालत जायचंय", "सहाशे विड्या व्हाव्यात", "जमिनीवर बसून पंगतीत जेवायचंय": हे चालतं.

पायरी ६: फोन आणि जाण्यायेण्याचा हिशेब

रुग्ण पाठवण्याआधी कार्यक्रमाला स्वतः फोन करा आणि विचारा: आठवड्यातले दिवस आणि वेळ कोणती? गटात कोणती भाषा चालते, तेलुगू-कन्नड बोलणारं कुणी आहे का? फी किती आणि हप्त्याने चालते का? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मुख्यतः भरती होऊन घ्यायचे ठरावीक उपचार बसतात. बाह्यरुग्ण पुनर्वसन त्यात आहे असं गृहीत धरू नका, तिथल्या आरोग्यमित्राला विचारून मगच रुग्णाला सांगा. कारखान्याकडून कामगार राज्य विम्याचं (ईएसआय) कार्ड असेल तर आधी विम्याच्या दवाखान्याची चिठ्ठी लागते.

मग तारखांचा मेळ. करमाळा किंवा माळशिरसहून सोलापूर शंभर किलोमीटरच्या वर आहे. सकाळी ९ च्या सत्राला तिथला रुग्ण आठवड्यातून दोनदा येऊ शकणार नाही. त्याला भरती करून घेणारा कार्यक्रम शोधा किंवा दुपारची वेळ मागा. एसटीत महिलांना आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं भाडं, ७५ वरच्यांना प्रवास मोफत. अनेकांना हे माहीत असतं, पण आधारकार्ड घरी राहतं. उसाच्या गाळप हंगामात तोडणी मजूर येणार नाही, आषाढीच्या आधीचे आठवडे वारकरी घरात नसतो, एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार असताना दुपारी दोनची बॅच म्हातारी माणसं सोडून देतात. हंगाम बघून बॅच निवडा. आणि रोजावर जगणाऱ्या घराचा मजुरीचा खाडा हा खरा खर्च आहे, फीपेक्षाही मोठा. तो रुग्णासोबत बोटांवर मोजा: आठवड्याचे दोन खाडे, आठ आठवडे, म्हणजे सोळा रोज. झेपत नसेल तर आठवड्यातून एक दिवसाचा कार्यक्रम बरा, निम्म्यावर सुटण्यापेक्षा.

पायरी ७: चिठ्ठी

"जुनाट कंबरदुखी. कृपया योग्य उपचार करावेत." अशी चिठ्ठी आणि कोरा कागद यात फरक नाही. एक पान पुरतं, पण भरलेलं हवं. काल्पनिक रुग्णाचा नमुना:

"महिला, ४६. विडी कामगार, जमिनीवर मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन रोज ७-८ तास मान वाकवून काम. मान, उजवा खांदा आणि कंबर ३ वर्षे. तेलुगू मातृभाषा, मराठी समजते. आग होते ('मंटा') म्हणते ती फक्त उजव्या खांद्यात. धोक्याच्या खुणा आज तपासल्या: नाहीत. हातापायांची ताकद व प्रतिक्षिप्त क्रिया ठीक. ईएसआर, साखर, थायरॉइड, क्रिएटिनिन सोबत जोडले. मानेचा एमआरआय मागच्या वर्षीचा: वयानुरूप बदल; नव्याची गरज वाटत नाही. पेग ७. पीएचक्यू-९: १२, आत्महत्येचे विचार नाहीत. विड्या १००० वरून ४००. आतापर्यंत: फिजिओथेरपी ५ दिवस शेक व मशीन, व्यायाम शिकवलेला नाही, खांद्यात एक इंजेक्शन, ३ आठवडे आराम. औषधे: अमिट्रिप्टिलिन १० मिग्रॅ रात्री, माझ्याकडून. दोन वेदनाशामके बंद केली, कारण क्रिएटिनिन काठावर. बिनलेबल पुड्या ४ महिने घेतल्या, ६ आठवड्यांपूर्वी उतरवून थांबवल्या. तिचे ध्येय: सहाशे विड्या आणि रात्रीची झोप. नवऱ्याशी बोलणे झाले, तो सोबत येईल. दुखणे शून्य होणार नाही हे सांगितले आहे. या काळात वेदनेची सर्व औषधे मीच लिहीन. बदल हवा असल्यास मला कळवावे."

आधीच्या उपचारांत "फिजिओथेरपी केली" एवढंच लिहू नका. शेक आणि करंटची मशीन म्हणजे व्यायाम नव्हे, आणि "फिजिओ करून झाली, फरक नाही" या एका ओळीने पुष्कळ रुग्णांची वाट चुकते.

चिठ्ठीची एक प्रत स्वतःकडे ठेवा. रुग्ण अपंगत्वाच्या दाखल्याबद्दल विचारेल: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत नुसतं जुनाट दुखणं नाही. सांध्याची हालचाल किंवा ताकद खरोखर गेली असेल तर त्या आधारावर वैद्यकीय मंडळ तपासतं. तुमच्या चिठ्ठीने दाखला मिळेल अशी आशा लावू नका.

पूर्ण टीम एका जागी नसेल तर

तालुक्याच्या ठिकाणी बहुधा नसतेच. तेव्हा तीन माणसं जोडायची: तुम्ही, व्यायाम शिकवणारा (मशीनवर झोपवणारा नव्हे) फिजिओथेरपिस्ट, आणि समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ. सोलापुरात वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, हे एकाच आवारात वेगवेगळे विभाग मिळण्याचं ठिकाण आहे. एकाच दिवशी दोन विभागांची वेळ घेऊन दिलीत तर रुग्णाची एक खेप वाचते. तिघांत एक सामायिक वही ठेवा, ती रुग्णाच्या हातात राहील.

आणि आजपासूनच सुरू करता येईल अशी एक गोष्ट: कामाची वाटणी. बरं वाटलं त्या दिवशी सगळं उरकायचं आणि पुढचे तीन दिवस अंथरूण धरायचं, या चक्रातून बाहेर काढायचं आहे. सलग तीन दिवस घड्याळ लावून मोजा की बसल्यावर किती मिनिटांनी दुखणं सुरू होतं. समजा २०, ३० आणि २५ मिनिटं. सरासरी २५, तिचे ८० टक्के म्हणजे २०. आता नियम असा: दर २० मिनिटांनी सूप बाजूला ठेवून उठायचं, दोन मिनिटं चालायचं, खांदे फिरवायचे, दुखो वा न दुखो. बरं वाटतंय म्हणून उठणं पाच मिनिटं पुढे ढकलायचं नाही आणि दुखतंय म्हणून आधी थांबायचं नाही. आठवड्याला साधारण एक-दशांश वाढवायचं, म्हणजे २० ची २२. मोबाइलचा गजर लावायला घरातल्या शाळकरी पोराला सांगा, तो विसरत नाही.

पाठवल्यानंतर

पहिल्या सत्रानंतर आठवड्याभरात एक फोन. न गेलेला रुग्ण बहुधा लाजेने सांगत नाही. कारण विचारलं तर बस चुकली, पैसे नव्हते, सासरी कुणी आजारी, असं साधंच काहीतरी निघतं आणि सुटतंही.

तिसऱ्या आठवड्यात दुखणं वाढून तो आला की तुमची खरी परीक्षा. तपासा: नवी कमजोरी, ताप, लघवीचा त्रास नाही ना? नसेल तर डायक्लो-डेक्साचं इंजेक्शन देऊ नका. कार्यक्रमाला फोन लावा, व्यायाम दोन-तीन दिवस निम्म्यावर आणा, शेक, चालणं, झोप, आणि पुन्हा त्याच पायरीवर. पूर्ण थांबवायचं नाही. हीच उतरंड आधीच कागदावर लिहून दिली तर रुग्ण रात्री दोन वाजता घाबरत नाही.

कार्यक्रम संपल्यावर १, ३ आणि ६ महिन्यांनी बोलवा. दर वेळी तेच तीन प्रश्न, तोच विड्यांचा किंवा पाळीचा आकडा, आणि पुन्हा एकदा पिशवी टेबलावर. सहाव्या महिन्यात पिशवीत नवी बिनलेबल पुडी दिसली तर ओरडू नका. ती कोणत्या आठवड्यात, कशामुळे घेतली ते विचारा, आणि त्या आठवड्यासाठी आणखी एक ओळ त्या कागदावर लिहा.